पार काढावा

नाना,

तोंडी बोललेलं वाऱ्यावर जातं, लेखी दे, असं तुम्ही मला पहिल्या दिवशी सांगितलंत आणि शेवटपर्यंत सांगत राहिलात. म्हणून हे लेखी देतोय. ऱ्हस्व-दीर्घ तपासायला तुम्ही नाहीत, तेव्हा चुका राहतील. काकू म्हणाल्या, "राहू देत. चूक सापडली नाही तर त्यांना करमायचं नाही."

काल तुमचं तेरावं झालं. जेवणं आटोपल्यावर सगळी मंडळी सवयीनं चौकात आली आणि भेंडीखालच्या पारावर टेकली. तुमची जागा, पंपघराच्या बाजूची, मोकळीच राहिली. तिथं कुणी बसेना. तेवढ्यात जानकीबाय आली. मासळीची पाटी काल डोक्यावर नव्हती. मोकळ्या जागेकडं बघून म्हणाली, "ही जागा काय पूजाची हाय? नाना असता तं बोलला असता, बसाची जागा बसाला असते, बघाला नाय." आणि बसली तिथं. मग सगळ्यांना रडूही आलं आणि हसूही.

मी लांब पंपघराच्या दारात उभा होतो. त्या पाराबद्दलची एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली, ती नऊ वर्षं राहिली. बारा दिवस तीच मनात घोळत होती. ती सांगायला बसलोय, पण मला सरळ मुद्द्यावर येता येत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. "महादेवा, तुझा अर्ज म्हणजे जतहून बोईसरला यायला गाडी आधी गोव्याला नेतोस," म्हणायचात. तसंच होणार आहे. सहन करा.

मी तुम्हाला पहिल्यांदा भेटलो तो ह्याच झाडाखाली. तेव्हा मी बोईसरला एका कारखान्यात ठेक्यावर होतो. भाड्याच्या एका खोलीत आम्ही नऊजण, तीन पाळ्यांचे. एकाची पाळी सुटली की तो दुसऱ्याच्या अंथरुणात शिरायचा. अंथरूण कधी थंड व्हायचं नाही. झोपायला जागा होती, पण सुट्टीच्या दिवशी बसायला कुठं जागा नव्हती. मग मी चालत चालत पाम गावाच्या बाजूला यायचो. तुमची वसाहत दिसली. एकसारखी बैठी घरं, मधे मोकळा चौक, चौकात एक मोठं झाड आणि त्याभोवती खचलेला, फुटलेला पार. पार बघितला आणि मला गाव दिसलं. जाऊन बसलो. दुसऱ्या रविवारीही बसलो. तिसऱ्या रविवारी तुम्ही आलात, हातात छत्री, काखेत कागद.

"कोण रे तू?"

"बसलोय."

"ते दिसतंय. भेंडीखाली रोज कुणी बसत नाही, म्हणून विचारलं."

मी खाली बघितलं, बाजूला बघितलं. आमच्याकडं भेंडी म्हणजे भाजी. गुडघ्याएवढं रोप. मी म्हणालो, "भेंडी कुठाय? मी काय तुडवलं न्हाई."

तुम्ही वर बोट दाखवलंत. एवढं थोरलं झाड! मी म्हणालो, "ह्याची भाजी किती घरांना पुरती?" तुम्ही इतके हसलात की छत्री पडली. मग सांगितलंत, ही समुद्राकाठची भेंडी, हिचं फूल सकाळी पिवळं असतं, संध्याकाळी लाल होतं आणि गळतं. "आमच्या कॉलनीसारखं," असंही म्हणालात. मला ते तेव्हा कळलं नाही.

रिक्षावाले तुमच्या वसाहतीला 'पेन्शनर' म्हणायचे. "कहाँ, पेन्शनर?" तिथली माणसं पालघरच्या कचेऱ्यांतून, रेल्वेतून, शाळांतून निवृत्त झालेली. एकत्र सोसायटी काढून घरं बांधली तेव्हा चौकात गणपती बसायचा, नाटकं व्हायची, असं काकू सांगायच्या. मग माणसं म्हातारी झाली, मुलं मुंबईला गेली आणि चौक ओसाड पडला. खारं वारं लागून बाकांचं लोखंड पापडासारखं सुटलं. पार एका अंगाला खचला. एकदा एक आजी त्यावरून पडल्या आणि मग जो तो आपापल्या व्हरांड्यात बसायला लागला. चार घरं सोडून राहणारा माणूस जिवंत आहे हे त्याच्या रेडिओवरून कळायचं. जानकीबाय पूर्वी पारावर पाटी उतरवायची आणि सगळी वसाहत तिच्याभोवती जमायची. पार फुटल्यावर तिला टेकायला जागा राहिली नाही, तिनं वाटच बदलली.

माझा ठेका सुटला तेव्हा मी तुमच्याकडं आलो. गवंडीकाम मला येत होतं, वडिलांच्या हाताखाली शिकलो होतो. तुम्ही सोसायटीचे सेक्रेटरी. विचारलंत, "शाळा?"

"सहावीपर्यंत."

"सहावी पास?"

"सहावी... पर्यंत."

"'पर्यंत' हा शब्द फार सोयीचा आहे," तुम्ही म्हणालात. "ठीक आहे. पर्यंतवाल्यांनाही पोट असतं." आणि मला देखभालीला ठेवलंत. पंप सोडायचा, दिवे बघायचे, डागडुजी करायची. पंपघरामागची खोली दिलीत. त्या खोलीनं माझं घर झालं. सुनंदाला आणि पोरीला गावाहून आणलं ते त्या खोलीच्या जिवावर. म्हणून मला कायम भीती. जरा कुणी मोठ्यानं हाक मारली तरी वाटायचं, खोली गेली.

आणि तुमच्या चिठ्ठ्या! समोर उभा असलो तरी तुम्ही काम तोंडी सांगायचा नाहीत. कॅलेंडरच्या जुन्या पानामागं आधी पेन्सिलीनं कच्चं लिहायचं, ते खोडायचं, सुधारायचं, मग शाईनं पक्कं, खाली सही, आणि मग मला द्यायचं. "श्री. महादेव यांस, गटाराचे झाकण बसवावे." काकू आतून ओरडायच्या, "अहो, तो समोर उभा आहे, सांगा ना तोंडानं! कचेरी सुटून सहा वर्षं झाली!" तुम्ही म्हणायचात, "कचेरी सुटते, कागद सुटत नाही." मला आधी त्या चिठ्ठ्यांचा घाम फुटायचा. एकेक अक्षर लावत वाचायचो. पण त्या वाचता वाचताच मला वाचता यायला लागलं, नाना. शाळेनं सोडलेलं काम गटाराच्या झाकणानं पुरं केलं.

आता मुद्दा.

नऊ वर्षांपूर्वी सोसायटीच्या कमिटीची बैठक हॉलमध्ये भरली होती. ट्यूब लुकलुकत होती म्हणून मला बोलावलेलं. मी स्टुलावर चढून स्टार्टर बदलत होतो. अध्यक्षसाहेब म्हणाले, महिन्यातून एकदा मुलं येतात, त्यांच्या गाड्या वळायला जागा नाही, चौकात तो पडका पार अडचण करून बसलाय. "तो आधी मोडून टाका आणि सगळं सिमेंट करून घ्या." तुम्ही खाली मान घालून लिहीत होतात. मग तुम्ही चष्म्यावरून वर बघितलंत. माझ्याकडं बघितलंत की ट्यूबकडं, हे मला इतकी वर्षं ठरवता आलं नव्हतं.

दोन दिवसांनी चिठ्ठी आली. ती मी जपून ठेवली आहे, समोरच आहे: "श्री. महादेव यांस, चौकातील भेंडीभोवतीचा पार काढावा. दगड, वाळू व सिमेंट पंपघराशेजारी उतरविले आहे. काम नीट व्हावे." तुम्ही काकूंना घेऊन लेकीकडं पुण्याला गेलात, आठ दिवसांसाठी. अध्यक्षसाहेब डोळ्याच्या ऑपरेशनला मुंबईला.

नाना, मला माहीत होतं. हेच ते. मला पार मोडायचा आहे हे मी कानांनी ऐकलं होतं. पण मी ती चिठ्ठी वाचली आणि माझ्या मनात आलं, 'काढावा'. आमच्याकडं गवंडी भिंत काढतो. माडी काढतो. विहीर काढतो. पोराचं लग्न ठरलं की बाप पुढं दोन खोल्या काढतो. काढणं म्हणजे उभं करणं. कागदावर तर तेच लिहिलंय! मी सुनंदाला चिठ्ठी वाचून दाखवली. ती म्हणाली, "ह्यात काय विचार करायचा? बांधा म्हणलंय, बांधा." तिला बैठकीचं मी सांगितलंच नाही.

जिथं मला पहिल्यांदा बसायला मिळालं ती जागा माझ्या हातानं मोडायची, हे माझ्यानं होईना. तेवढंच. बाकी काही मोठा विचार नव्हता.

जुने दगड उकलले, पाया सारखा केला. आमच्या वडिलांची रीत होती, पारात झाडाच्या बुंध्याला चिकटून बांधायचं नाही, हातभर माती मोकळी सोडायची, झाड जाडावतं. तसं सोडलं. आणि उंची. जुना पार बुटका होता, बसलं की म्हाताऱ्या माणसाला उठवायला दुसरा माणूस लागायचा. मी दोरी घेऊन घरोघर गेलो आणि म्हणालो, "खुर्चीवर बसा, गुडघ्याचं माप घ्यायचंय." माणसांना वाटलं, दवाखान्याचा कुणी आलाय. बारा घरांचे गुडघे मोजले आणि दोरीवर गाठी मारल्या. सगळ्यात वरच्या गाठीवर पाराची उंची धरली, त्यावर दोन बोटं जास्त. हाताला धरायला कडेनं गोटीव, म्हणजे घासून गोल केलेले, दगड लावले.

तिसऱ्या दिवसापासून माणसं बाहेर यायला लागली. आधी व्हरांड्यातून सूचना. "अरे, ओळंबा बघ!" मग फाटकापर्यंत. मग खुर्च्या घेऊन चौकात. रेल्वेतले एक काका आणि शाळेतले एक काका, जे दोन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते, ते माझी भिंत तिरपी आहे की नाही ह्यावरून भांडायला लागले. भांडण म्हणजे बोलणंच की. जानकीबाय रस्त्यावरून जाताना थांबली, "आरं, ह्या काय करतं?" मी सांगितलं. ती म्हणाली, "गाड्यांना जागा करतात आयकलेलां मी. मानसांना करतं तू? बरा हाय तुजा." आणि ओल्या सिमेंटपासून हातभर लांब तिनं पाटी उतरवली.

सगळे परत आले ते नवव्या दिवशी. अध्यक्षसाहेबांच्या एका डोळ्याला हिरवी झापड होती, पण दुसऱ्यानं त्यांना सगळं दिसलं. तिथंच, चौकात, सगळ्यांदेखत.

"तुला मराठी वाचता येतं की नाही?"

मी चिठ्ठी पुढं केली. त्यांनी ती माझ्या हातातून ओढलीच. मोठ्यानं वाचली. "पार काढावा! काढावा म्हणजे काय?"

"साहेब, आमच्याकडं भिंत काढतात, म्हणजे... विहीर काढतात..."

"विहीर काढतात! आणि मी दात काढून घेतला म्हणजे काय केलं?"

कुणीतरी हसलं. मी नाही हसलो. मला समोर पंपघराची खोली दिसत होती, तिच्या दारात सुनंदा पोरीला कडेवर घेऊन उभी. साहेब म्हणाले, "उद्यापासून दुसरा माणूस बघा." तेव्हा तुम्ही पुढं आलात. पुण्याहून आलेले, प्रवासाच्या कपड्यांत, पिशवी अजून हातात.

"त्याची चूक नाही. 'काढून टाकावा' असं लिहायला हवं होतं. टाकावा राहून गेलं. चूक माझी."

साहेब म्हणाले, "तुमची? नाना, तुम्ही अनुस्वार विसरलात तर पालघरचं टपाल अडून राहायचं!"

"वय झालं," तुम्ही म्हणालात. "सेक्रेटरीपदही सोडतो. लिहिताना शब्द गळायला लागल्यावर त्या जागी बसू नये."

आणि सोडलंत. खरंच सोडलंत. पार राहिला, कारण त्यावर त्या वेळी अकरा माणसं बसली होती आणि त्यातलं कुणी उठेना. माझी खोली राहिली. गेलं ते फक्त तुमचं पद, आणि तुमचं नाव. पुढं कितीतरी वर्षं वसाहतीत कुणाची काही चूक झाली की म्हणायचे, "नानांसारखं झालं, टाकावा राहिलं!" तुम्ही सगळ्यांत मोठ्यानं हसायचात. मला ते हसणं टोचायचं. आयुष्यभर अक्षराला जपलेला माणूस माझ्यापायी चुका करणारा ठरला होता, आणि मी रोज त्याच पाराला झाडू मारत होतो.

मी सांगायचा प्रयत्न केला, देवाशपथ केला. एकदा संध्याकाळी तुम्ही एकटे बसला होतात. मी म्हणालो, "नाना, त्या चिठ्ठीचं..." तुम्ही म्हणालात, "फुलं आत्ता झाडू नकोस. अजून बरीच लाल होऊन गळायचीत." पुन्हा एकदा म्हणालो. तुम्ही म्हणालात, "लेखी दे." मी लिहिलंही. चार ओळी. 'मला माहीत होतं, मी स्टुलावर होतो.' मग वाटलं, लेखी म्हणजे पुरावा, कुणाच्या हाती लागला तर खोली जाईल. चिठ्ठी चुलीत घातली. माझी भीती तुमच्या उपकारापेक्षा मोठी निघाली, नाना. ह्याची लाज वाटते.

ह्या नऊ वर्षांत तुम्ही मला गावाला पत्रं लिहायला शिकवलंत. आईला माझं पहिलं पत्र गेलं तेव्हा तिनं ते वाचून घ्यायला आधी शाळेत नेलं आणि मग म्हणे साऱ्या गावात फिरवलं. पोरीला तुम्ही पारावर बसवून बाराखडी गिरवून घेतलीत. ती आता सातवीत आहे, माझ्या पुढं गेली. 'पर्यंत' ओलांडलं तिनं.

आणि आपलं एक भांडण अर्धंच राहिलं. तुमचं म्हणणं, गोल पारावर माणसं एकमेकांकडं पाठ करून बसतात, समोर एक दगडी बाक टाक, म्हणजे तोंडं समोरासमोर येतील. माझं म्हणणं, बाक टाकला तर गाडी वळणार नाही आणि साहेब पुन्हा ओरडतील. तुम्ही म्हणालात, "मुलांच्या गाड्या गेल्या दिवाळीपासून आल्यात का?" मी म्हणालो, "येतील की." तुम्ही छत्री उचललीत आणि घरी गेलात. तसं बोलायला नको होतं मी. तुमचा मुलगाही आला नव्हता.

काल, सगळे गेल्यावर, काकूंनी मला घरात बोलावलं. तुमचा कच्च्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा त्यांनी दोऱ्यानं बांधून ठेवला होता. म्हणाल्या, "तुझ्या नावाच्या तू ने. मी एकटी काय करू?" खोलीवर येऊन मी एकेक उलगडत बसलो. गटाराचे झाकण. टाकीचा कॉक. आणि मधेच एका कॅलेंडरच्या पानामागं, पेन्सिलीनं:

"चौकातील भेंडीभोवतीचा पार काढून टाकावा."

तुमचं अक्षर. पूर्ण वाक्य. 'काढून टाकावा' ह्या दोन शब्दांवर एक आडवी रेघ, पट्टीनं मारल्यासारखी सरळ. आणि वर, तेवढ्याच शांतपणे, 'काढावा'. त्याखाली आणखी एक ओळ वाढवलेली: "दगड, वाळू व सिमेंट..." नुसतं सिमेंट करायचं होतं चौकाला, नाना. मग ट्रॅक्टरभर घडीव दगड कशाला उतरवला होतात? गवंडी असून नऊ वर्षांत हे माझ्या डोक्यात आलं नाही.

मी तसाच काकूंकडं पळालो. त्यांनी कागद बघितला, चष्मा पुसला. म्हणाल्या, "हो, आठवतंय की. लिहिताना मला विचारलं होतं, महादेवाच्या गावाकडे भिंत बांधतात म्हणतात, का काढतात गं? मी म्हटलं, मला काय माहीत, त्यालाच विचारा. तर म्हणाले, त्याला विचारलं तर तो घाबरेल."

म्हणजे तुम्ही माझ्याकडंच बघितलं होतंत, ट्यूबकडं नाही.

मी नऊ वर्षं समजत होतो की माझी लबाडी तुम्ही अंगावर घेतलीत. आणि तुम्ही काय समजत होतात? की स्टार्टरच्या नादात मी काहीच ऐकलं नाही, आणि तुमच्या एका शब्दावर विश्वास ठेवून एक अडाणी माणूस खड्ड्यात पडायला निघाला होता, त्याला वाचवलंच पाहिजे? दोघे चोर एकाच पारावर बसून एकमेकांना सावाचा सन्मान देत होतो. एकदा तरी बोलायचं होतं, नाना. मला नाही जमलं, तुम्हाला तर जमलं असतं. मी तुमच्यावर रागावलोय. खूप रागावलोय. आणि हे लिहिताना हसूही येतंय, त्याला काय करू?

आज सकाळी अध्यक्षसाहेब काठी टेकत आले. पारावर बसले. म्हणाले, "नानांच्या नावानं एक बाक टाकावा म्हणतोय, पारासमोर. गाड्या काय, बाहेर उभ्या राहतील." मी हो म्हणालो. पेन्सिलीचा कागद माझ्या खिशात होता. दाखवावा असं फार वाटलं, तुमचं नाव धुऊन निघालं असतं. पण तुम्ही रेघ पट्टीनं मारली होतीत. ती कुणाला दाखवायची असती तर तुम्ही स्वतः दाखवली असतीत. कागद खिशातच ठेवला.

साहेब म्हणाले, "पारावर एक पाटीही बसव. बाकावर बसलं की समोर वाचता आली पाहिजे. मजकूर तूच लिही, तुला शिकवलं त्यांनी."

मी आधी पेन्सिलीनं कच्चं केलं. खोडलं. सुधारलं. मग पक्कं करून साहेबांना दिलं. त्यांनी वाचलं, पुन्हा वाचलं, माझ्याकडं बघितलं. "काढला?" म्हणाले. "पुन्हा तेच? नीट लिही की, बांधला."

मी म्हणालो, "साहेब, शब्द बरोबर आहे. मी तपासलाय."

त्यांनी पाराच्या कडेच्या गोल दगडावरून हात फिरवला. मग त्यांनी कागदावर सही केली.

उद्या दगडावर छिन्नी लावतो. एकच ओळ आहे:

हा पार नानांनी काढला.